कुरोसावांच्या ‘रान’मधला बुद्ध : धर्मप्रतीके कशी वाचायची?

अकिरा कुरोसावा यांचा ‘रान’ १९८५ साली आला तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. नावाचा अर्थ अनागोंदी, उलथापालथ. १६२ मिनिटांचा हा चित्रपट लोकांना आठवतो तो घोडदळाच्या धावांमुळे, एमी वादा यांना ऑस्कर मिळवून देणाऱ्या वेशभूषेमुळे आणि फुजी पर्वताच्या उतारावर खराखुरा बांधून खराखुरा जाळलेल्या किल्ल्यामुळे. शेवटच्या दृश्यात मात्र घोडा नाही आणि तलवारही नाही. पडक्या किल्ल्याच्या कड्यावर एक आंधळा तरुण एकटा उभा आहे आणि त्याच्या हातून निसटलेले अमिताभ बुद्धाचे चित्र खाली दगडांत पडले आहे.

हे दृश्य पाहून बरेच प्रेक्षक म्हणतात, ‘कुरोसावांना सांगायचे आहे की देव नाही.’ काहीजण नेमके उलटे म्हणतात : बुद्ध तिथेच आहे, माणूसच आंधळा आहे. दोन्ही अर्थ लावता येतात, पण दोन्ही घाईचे आहेत. ‘रान’मध्ये धर्माची चिन्हे पहिल्यापासून विखुरलेली आहेत. मावळता सूर्य, असुर, कोल्ह्याची दगडी मूर्ती, बासरी, ढग ही त्यांतली ठळक. ती एकेक करून पाहिली तर शेवटचे दृश्य अधिक नीट कळते.

गोष्ट थोडक्यात

काळ सोळाव्या शतकातला, जपानमधल्या यादवी युद्धांचा. सत्तरीचा हिदेतोरा इचिमोंजी हा सरदार आयुष्यभर लढाया करून, शेजाऱ्यांची घराणी बुडवून मोठा झालेला. तो सत्ता थोरल्या तारोकडे सोपवतो, दुसरा किल्ला जिरोला आणि तिसरा साबुरोला देतो. धाकटा साबुरो तोंडावर सांगतो की हा मूर्खपणा आहे. ज्या बापाने रक्ताचे पाट वाहवले त्याच्या मुलांकडून निष्ठेची अपेक्षा कशी करायची? बाप त्याला हाकलतो. त्याची बाजू घेणाऱ्या तांगो या सेवकालाही घालवून देतो.

पुढे थोरले दोघे बापाला दाराबाहेर काढतात, तिसऱ्या किल्ल्यात त्याच्या माणसांची कत्तल करतात. हिदेतोरा वेडा होऊन माळरानावर भटकतो. सोबत क्योआमी हा विदूषक आणि लपूनछपून परतलेला तांगो.

दोन सुना या कथेचा कणा आहेत. तारोची बायको कायेदे आणि जिरोची बायको सुए. दोघींचीही माहेरे हिदेतोरानेच बेचिराख केली. कायेदे सूड घेण्यासाठी जगते. सुए बुद्धाचे नाव घेत जगते. सुएचा धाकटा भाऊ त्सुरुमारू लहान असताना हिदेतोराने त्याचा जीव वाचवण्याच्या बदल्यात त्याचे डोळे काढले होते.

शेक्सपिअर कुठे संपतो

कुरोसावांच्या डोक्यात आधी होता मोरी मोतोनारी (१४९७–१५७१) हा सरदार. एक बाण मोडतो पण तीन एकत्र मोडत नाहीत, ही त्याने तीन मुलांना दिलेली शिकवण जपानमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ती मुले वाईट निघाली असती तर, असा प्रश्न कुरोसावांना पडला. ‘किंग लिअर’ त्यात नंतर मिसळले. (चित्रपटात साबुरो तीन बाण गुडघ्यावर घेऊन एकदम मोडतो, हे उगाच नाही.)

लिअरची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आहे आणि ‘नटसम्राट’मागेही त्याच म्हाताऱ्याची सावली आहे. म्हणूनच एक फरक चटकन लक्षात येईल. लिअरला भूतकाळ जवळजवळ नाही. तो उतावळा आहे, पण त्याने गावे जाळल्याचे शेक्सपिअर सांगत नाही. त्या नाटकातल्या ग्लॉस्टर या उमरावाचे डोळे काढतात ते लिअरचे शत्रू. ‘रान’मध्ये डोळे काढणारा राजा स्वतःच आहे. त्यामुळे त्याच्यावर कोसळणारे दुःख हा निव्वळ अन्याय उरत नाही. ते त्याच्याच कर्माचे फळ ठरते आणि गोष्ट बौद्ध चौकटीत शिरते.

सुए मावळतीकडे का पाहते

तारोच्या किल्ल्यातून अपमानित होऊन निघालेला हिदेतोरा जिरोच्या किल्ल्यावर येतो, तेव्हा सुए तटावर मावळत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करत असते. तो तिला म्हणतो की माझ्याकडे द्वेषाने बघ, ते मला सोसवेल. ती म्हणते, मी द्वेष करत नाही. सगळे मागच्या जन्मींच्या कर्मांनी ठरलेले आहे.

दृश्य सुंदर दिसावे म्हणून दिशा निवडलेली नाही. जपानमध्ये सर्वांत जास्त पसरलेल्या भक्तिपरंपरेत अमिताभ बुद्धाची, जपानी उच्चारात अमिदाची, सुखावती नावाची शुद्धभूमी पश्चिमेला आहे. जो त्याचे नाव घेईल त्याला मरणानंतर तिथे जन्म मिळेल, अशी श्रद्धा. गेनशिन या भिक्षूने ९८५ साली नरकांची आणि शुद्धभूमीची तपशीलवार वर्णने लिहिली. होनेन (११३३–१२१२) आणि त्याचा शिष्य शिनरान (११७३–१२६३) यांनी केवळ नामस्मरणाची वाट सामान्यांसाठी मोकळी केली. मच्छीमार, शिकारी, सैनिक, म्हणजे ज्यांच्या हातून रोज जीव जातो अशांनाही त्या वाटेवर जागा होती. नामाने तरण्याची ही कल्पना वारकरी घरात वाढलेल्याला समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा सुएची प्रार्थना ही त्या काळातल्या साध्या माणसाची प्रार्थना आहे. आणि ज्याच्या आयुष्यात इतके रक्त आहे, त्या हिदेतोरासारख्यासाठीच खरे तर ती वाट बांधलेली होती. तो मात्र त्या दिशेला पाठ करून उभा राहतो.

वैदेहीची गोष्ट

या परंपरेत मावळत्या सूर्यावर ध्यान करण्याचा रीतसर विधी आहे आणि त्याचे मूळ भारतातल्या एका कथेत सांगितले जाते. पाचव्या शतकात चिनीत उतरवल्याचे मानले जाणारे अमितायुर्ध्यान सूत्र बापलेकाच्या वैरापासून सुरू होते. राजगृहाचा राजपुत्र अजातशत्रू वडिलांना, म्हणजे बिंबिसाराला, कोंडून ठेवतो, उपाशी मारायला. राणी वैदेही अंगाला मध आणि पीठ माखून नवऱ्यापर्यंत अन्न पोचवते. मुलाला कळते तेव्हा तो आईवर तलवार उपसतो. मंत्री आणि वैद्य जीवक त्याला आवरतात. मग आईलाही कोठडीत टाकले जाते. तिथून ती गृध्रकूट पर्वताकडे हात जोडून बुद्धाला विचारते की हे माझ्याच वाट्याला का आले? ज्या जगात अशी माणसे नाहीत ते जग मला दाखव. बुद्ध तिला सोळा ध्याने शिकवतो. त्यांतले पहिले ध्यान मावळत्या सूर्याचे.

जपानमध्ये नारा परिसरातल्या ताइमा मठातल्या प्रसिद्ध मंडल-चित्रात मधोमध शुद्धभूमी आहे आणि एका कडेला अजातशत्रूची ही कथा क्रमाने रंगवलेली आहे. त्याच्या अनेक प्रती झाल्या, देशभर पसरल्या.

कुरोसावांनी ही कथा डोळ्यांसमोर ठेवून दृश्य लिहिले असा दावा मी करणार नाही. पण सूर्यध्यानाची परंपरा ज्या कथेतून आली त्यात मुलगा बापाची सत्ता हिरावतो आणि एक बाई त्या घरातून मावळतीकडे पाहते. ‘रान’मध्येही नेमके तेच आहे. वैदेहीची गोष्ट माहीत असलेल्याला सुएचे तटावर उभे राहणे भाबडेपणाचे वाटणार नाही. अशा घरात अडकलेल्या बाईसाठीच ते ध्यान सांगितलेले आहे.

असुर जिंकले

सुएचे उत्तर ऐकून हिदेतोरा वैतागतो. पुन्हा तोच बुद्ध! बुद्ध या जगात उरलेला नाही, रखवाली करणारे देव असुरांपुढे पळून गेले, अशा अर्थाचे तो बोलतो.

आपल्याला असुर म्हटल्यावर पुराणातले देवदानवांचे युद्ध आठवते. जपानी बौद्ध धर्मात ही मंडळी आपल्याकडूनच गेली. इंद्र तिथे ताइशाकुतेन झाला आणि ब्रह्मा बोनतेन. पण असुराला एक वेगळी जागा मिळाली. पुनर्जन्माच्या सहा गतींमध्ये असुरगती ही एक आहे. तिथला जीव सतत लढत असतो, जिंकला तरी शांत होत नाही. लढाईत मेलेला योद्धा तिथे जातो, असे मानत. ‘नो’ या जुन्या जपानी रंगपरंपरेतल्या नाटकांचा एक मोठा प्रकारच अशा योद्ध्यांच्या भुतांचा आहे. नारा येथील कोफुकुजी मठात ७३४ सालची असुराची मूर्ती आहे. तीन तोंडे, सहा हात, पण चेहरा पोरसवदा, भुवया आक्रसलेल्या. राग आणि दुःख एकाच चेहऱ्यावर.

त्यामुळे हिदेतोराचे वाक्य नास्तिकाचे नाही. आपण कुठल्या गतीत आहोत ते त्याला पक्के ठाऊक आहे. इतकेच की तिथला राजा आपणच होतो, हे अजून त्याच्या ध्यानात आलेले नाही.

आवाज नसलेली कत्तल

तिसऱ्या किल्ल्यावरचा हल्ला हा चित्रपटाचा मध्यबिंदू. बाण, आग, एकमेकींना भोसकून मरणाऱ्या दासी, हातात स्वतःचा तुटलेला हात धरून बसलेला सैनिक. आणि या सगळ्याला आवाज नाही. किंकाळ्या नाहीत, टापा नाहीत; फक्त तोरु ताकेमित्सु यांचे संथ, जड संगीत. मग एक बंदूक कडाडते, तारो घोड्यावरून कोसळतो आणि जगाचे सगळे आवाज एकदम परत येतात.

पटकथेत या भागाबद्दल स्पष्ट सूचना आहे. हे दृश्य उलगडत जाणाऱ्या नरकपटासारखे असावे आणि संगीत म्हणजे माणसांचे हे असुरपण रडत पाहणाऱ्या बुद्धाचे हृदय असावे, असा तिचा आशय. बाराव्या शतकात जपानमध्ये नरकाचे लांब चित्रपट्ट रंगवले गेले. ते उजवीकडून डावीकडे उलगडत पाहायचे असतात. कुरोसावा स्वतः चित्रकार होते. ‘रान’ची दृश्ये त्यांनी आधी वर्षानुवर्षे रंगवून ठेवली होती. कॅमेऱ्याने त्यांनी जणू तोच पट्ट उलगडला.

म्हणजे या काही मिनिटांपुरती आपल्याला उसनी नजर मिळते. लढणाऱ्याच्या कानांनी आपण लढाई ऐकत नाही, वरून कुणीतरी पाहावे तशी पाहतो. तो पाहणारा दुःखी आहे, पण हात घालत नाही. आणि बंदुकीचा आवाज आपल्याला पुन्हा माणसांत आणून टाकतो. पटकथा वाचली नसली तरी शांततेतून आवाजात येण्याचा तो धक्का प्रत्येकाला बसतो, आणि ‘बुद्ध कुठे आहे?’ या प्रश्नाचे चित्रपटाने दिलेले सर्वांत थेट उत्तर तिथेच आहे. तो पाहतो आहे. एवढेच.

कोल्ह्याचे डोके

नवरा मेल्यावर कायेदे जिरोला आपल्या मुठीत घेते आणि सुएचे डोके मागते. काम सांगितले जाते कुरोगाने या सरदाराला. तो कापडात गुंडाळलेले डोके आणतो. सोडून पाहतात तर दगडी कोल्ह्याचे डोके! सुए कोल्हीण निघाली वाटते, असे तो निर्विकार चेहऱ्याने सांगतो. मग जिरोला बजावतो : कोल्ह्या बायकांची रूपे घेऊन राज्ये बुडवतात, मध्य भारतात, चीनमध्ये आणि मग जपानच्या दरबारात त्यांनी हेच केले, आता इथेही एखादी आली असेल तर सांभाळून राहा.

हा विनोद तिहेरी आहे. अशा दगडी मूर्ती इनारी या धान्यदेवतेच्या देवळांबाहेर असतात, कारण कोल्हा हा तिचा दूत. म्हणजे सुएचा जीव वाचवायला कुरोगाने एका देवदूताचा शिरच्छेद करतो. दुसरे, गोष्ट सुएची सांगून तो बोट कायेदेकडे दाखवतो आणि ते ती ओळखते. तिसरे, ही नऊ शेपट्यांच्या कोल्हीणीची दंतकथा खरोखर भारतापासून सुरू होते. जपानी कथेप्रमाणे ती आधी कल्माषपाद राजाची राणी होती, मग चीनच्या राजाची आणि शेवटी जपानी सम्राटाच्या दरबारात तामामो झाली. हा कल्माषपाद म्हणजे महाभारतातला शापित राजा आणि जातकांतला नरभक्षक सौदास. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सुतसोम जातकाची जी भित्तिचित्रे आहेत, ती त्याचीच. तिथे सौदास माणसे खाणे सोडतो, कारण सुतसोम त्याला धर्म ऐकवतो. ‘रान’मध्ये ऐकवणारा कुरोगाने आहे, पण ऐकणारा जिरो नाही.

कायेदेला कोल्हीण ठरवून मोकळे होणे मात्र सोपे आहे. तिच्या माहेरच्या माणसांचे जे झाले ते चित्रपट विसरू देत नाही. ती पिशाच्च नाही, हिदेतोराने पेरलेले आहे ते तिच्या रूपाने उगवले आहे.

बासरी

वादळी रात्री हिदेतोरा एका झोपडीत आसरा घेतो. आतल्या आंधळ्या तरुणाला तो हळूहळू ओळखतो : त्सुरुमारू. तरुण सांगतो की बहिणीसारखा मीही बुद्धाच्या नावाने द्वेष सोडायचा प्रयत्न केला, जमले नाही. पाहुण्याला द्यायला माझ्याकडे बासरीखेरीज काही नाही. तो वाजवू लागतो आणि तिच्या सुरांनी म्हातारा भिंतीशी मागे मागे सरकत जातो.

ही भूमिका करणारा ताकेशी नोमुरा क्योगेन या रंगपरंपरेच्या घराण्यातला, पुढे मान्साई नोमुरा म्हणून गाजलेला. हिदेतोरा झालेल्या तात्सुया नाकादाई यांची रंगभूषाही नो मुखवट्यांच्या धर्तीवर केलेली. त्यामुळे हे दृश्य नो रंगभूमीच्या आठवणीसह पाहायला हरकत नसावी. झेआमी या नो नाटककाराच्या ‘आत्सुमोरी’ या नाटकात ११८४च्या लढाईत मेलेल्या कोवळ्या योद्ध्याचे भूत बासरीच्या सुरांतून प्रकट होते आणि समोर असतो त्याला मारणारा कुमागाई. तो आता भिक्षू झालेला आहे. (इतिहासातला कुमागाई खरोखरच होनेनचा शिष्य झाला.) मारणाऱ्याने प्रार्थना केली म्हणून मेलेला वैर सोडतो, शत्रू धर्मबंधू होतो.

झोपडीत बासरी आहे, बळी आहे आणि गुन्हेगारही. फक्त गुन्हेगाराने प्रार्थना केलेली नाही आणि बळी मेलेला नसून जिवंत आहे. म्हणून समेट होत नाही, नुसते सूर उरतात आणि ते पाहुणचारही असतात, शिक्षाही.

आकाश

दोन प्रसंगांच्या मधे कुरोसावा वारंवार ढग दाखवतात. सुरुवातीला पांढरे, रचून ठेवल्यासारखे. पुढे काळवंडत, लालसर होत जाणारे. अमिदाच्या चित्रांचा एक लोकप्रिय प्रकार आहे, त्यात बुद्ध आपल्या परिवारासह ढगावर बसून मरणाऱ्या भक्ताला न्यायला खाली उतरतो. अशी चित्रे मरणशय्येसमोर टांगत. बुद्धाच्या हातापासून रंगीत दोरा आणून मरणाऱ्याच्या हातात देत.

ती चित्रे डोळ्यांसमोर असली की ‘रान’मधले ढग नुसते हवामान राहत नाहीत. वाहन आलेले आहे, त्यावर कुणी बसलेले नाही.

क्योआमी आणि तांगोचा वाद

साबुरो बापाला शोधून काढतो, दोघांत समेट होतो, एकाच घोड्यावर बसून ते निघतात आणि लपलेल्या बंदूकधाऱ्याच्या गोळीने साबुरो मरतो. त्याच्या अंगावर कोसळून बापही प्राण सोडतो. क्योआमी आकाशाकडे पाहून देवाबुद्धांना शिव्या घालतो. तुम्ही असाल तर खोडकर पोरे आहात. करमत नाही म्हणून आम्हाला मुंग्यांसारखे चिरडता! शेक्सपिअरच्या ग्लॉस्टरची तक्रारही याच धर्तीची आहे.

पण इथे तक्रारीला उत्तर मिळते. तांगो त्याला गप्प करतो. देवांना दोष देऊ नकोस, ते रडताहेत. माणसे पिढ्यान् पिढ्या एकमेकांना मारत आली, सुखापेक्षा दुःखाच्या मागे धावत आली. त्यांना त्यांच्यापासून वाचवणे देवांच्याही हातात नाही.

तांगो कुरोसावांच्या वतीने बोलतो, असे बरेचजण मानतात. तिसऱ्या किल्ल्याच्या दृश्यातला रडणारा बुद्ध पाहता त्याला आधारही आहे. तरी सगळे तांगोच्या पदरात टाकता येत नाही. युद्धाला माणसे जबाबदार आहेत हे खरे, पण सुएने कुणाला मारले होते? तांगोकडे तिच्यासाठी उत्तर नाही.

कडा

सुए आणि त्सुरुमारू पळून जात असताना त्याची बासरी मागे राहिल्याचे लक्षात येते. सुए ती आणायला परत फिरते आणि भावाच्या हातात अमिदाचे गुंडाळचित्र देते, सोबत म्हणून. ती परत येत नाही. तिचे शिर नसलेले शरीर आपण पाहतो.

संध्याकाळी त्सुरुमारू काठीने चाचपडत वडिलांच्या पडक्या किल्ल्याच्या कड्यावर येतो. काठीला पुढे जमीन लागत नाही. तो दचकतो, मागे सरतो, चित्र निसटून खाली पडते आणि उलगडते. सोन्याच्या रंगातला बुद्ध वर पाहतो आहे. कॅमेरा मागे, आणखी मागे जातो.

इथे दोन जुनी नाटके एकमेकांना भेटतात. लिअरमधला आंधळा ग्लॉस्टर कड्यावरून उडी मारायला निघतो, पण कडा तिथे नसतोच. वेष पालटलेला मुलगा त्याला सपाटीवर घेऊन आलेला असतो. नो रंगभूमीवरच्या ‘योरोबोशी’त, झेआमीचा मुलगा मोतोमासा याच्या नाटकात, खोट्या चुगलीवरून बापाने हाकललेला आंधळा शुंतोकुमारू ओसाकाच्या मठात सूर्यास्ताचे ध्यान करतो. मनाला सगळे दिसू लागते, तो आनंदाने नाचतो आणि माणसांना धडकून अडखळतो. पण त्याच गर्दीत बाप असतो. तो त्याला ओळखतो आणि घरी नेतो.

त्सुरुमारूसाठी कडा खरा आहे आणि सोबत कुणी नाही. सूर्य मावळतीला आहे, बुद्धाचे चित्र आहे, आंधळा मुलगा आहे. ‘योरोबोशी’तले सगळे साहित्य हजर आहे, फक्त माणूस गैरहजर.

चित्र पडले म्हणजे बुद्धाने सोडले, असे म्हणताना एक साधी गोष्ट राहून जाते. तरुण पडलेला नाही. आणि ते चित्र त्याला कधीच दिसणार नव्हते. बहिणीने त्याला दिली ती तिच्या मायेची वस्तू. ती उपयोगी पडायला सुए स्वतः लागत होती.

सगळेच प्रतीक नसते

प्रतीके शोधायची सवय लागली की थांबणे अवघड जाते, म्हणून एक सावधगिरी. तारोचा पिवळा, जिरोचा लाल, साबुरोचा निळा हे रंग गर्दीत सैन्ये ओळखू यावीत म्हणून आहेत. त्यांत त्रिरत्ने शोधायला जाऊ नये. सुरुवातीच्या रानडुकराच्या शिकारीत हिंसेचे पाप दिसू शकते, पण मुख्यतः ती म्हाताऱ्याचा दरारा दाखवते. एखाद्या वस्तूला धार्मिक अर्थ आहे की नाही हे ठरवायला तीन प्रश्न पुरेत. पात्रे स्वतः तिचा उल्लेख धर्माच्या भाषेत करतात का? जपानी कलेत तिला आधीपासून ठरलेले स्थान आहे का? आणि चित्रपट तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो का? मावळता सूर्य, बासरी आणि ढग यांतल्या किमान दोन प्रश्नांना उतरतात; रंग एकालाही नाही.

मग अर्थ काय?

आतापर्यंतची दृश्ये एकत्र ठेवली की एक नेम दिसतो. प्रत्येक ठिकाणी धर्माचे चिन्ह आहे आणि ज्याला त्याची गरज आहे तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. हिदेतोरा सूर्याकडे पाठ करतो. जिरो कोल्हीणीची गोष्ट ऐकून सोडून देतो. त्सुरुमारूला चित्र दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला सगळे दिसते, पण तो खाली येत नाही. ‘देव आहे की नाही’ या प्रश्नावर चित्रपट रेंगाळत नाही. दया आणि गरज यांची गाठ का पडत नाही, हे त्याला विचारायचे आहे.

त्याचे उत्तर दोन सुनांच्या तुलनेत आहे. कायेदे आणि सुए यांनी एकच दुःख भोगले. कायेदेने ते व्याजासकट परत केले आणि इचिमोंजी घराणे संपवले. सुएने ते पुढे दिले नाही. तिच्या श्रद्धेने तिचा जीव वाचला नाही, भावाची दृष्टी परत आली नाही, युद्ध थांबले नाही. त्या अर्थाने ती हरली. पण हिंसेच्या साखळीतल्या सगळ्या माणसांत ती कडी एकट्या तिच्यापाशी तुटते. हिदेतोरा हे ओळखतो. म्हणूनच कायेदेच्या द्वेषापेक्षा सुएच्या क्षमेपुढे तो अधिक कासावीस होतो.

कुरोसावांनी श्रद्धेला चमत्काराचे बळ दिले नाही, पण तिची थट्टाही केली नाही. सुएसारखी माणसे एकेकटी राहिली तर काय होते, ते त्यांनी दाखवले. तांगो म्हणतो तसे देव माणसांना वाचवू शकत नसतील, तर ते काम माणसांवरच येते. आणि ‘रान’मध्ये ते काम अंगावर घेणारी माणसे फार थोडी आहेत आणि त्यांच्यापर्यंत मदत पोचायला नेहमीच उशीर होतो.